हरेश, तुझा मोबाईल अजून आतच होता

हरेश, तुझं तेरावं झालं, पाहुणे जेवून आपापल्या घरी गेले, तरी माझा कॉम्प्युटरचा पडदा आगपेटीएवढाच. याला काय म्हणायचं ते तूच सांग. होतास तेव्हा रोज याच्यावरून माझं डोकं फिरायचं. माणूस जातो तेव्हा त्याच्या खोडी तरी त्याच्याबरोबर जातात, असं मला वाटत होतं. तुझ्या कुठल्या जायला! तू आयुष्यात एक तरी गोष्ट नीट बंद करून उठला आहेस का?

रडायलासुद्धा उसंत दिली नाहीस. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांचं ऑफिस उघडलं आणि खालच्या जीन्सच्या गाळ्यातले लछूशेठ वर आले. खुर्चीवर बसले, तुझ्या रिकाम्या टेबलाकडे बघून रुमाल काढला, डोळे पुसले आणि मग म्हणाले, "बेटा, शुक्रवार को पुरे बिल्डिंग का वायरिंग बदल रहे हैं. लाईट दिवसभर नाय. हरेश का मशीन भी बंद करना पडेगा." मशीन म्हणजे कोपऱ्यातला आपला सर्व्हर. गेली कित्येक वर्षं तू त्याला एकदाही बंद होऊ दिलं नव्हतंस. यूपीएसची बॅटरी अर्धा तास तग धरते हे तुला माहीत होतं. ती बदलू या म्हणून मी तुझ्या मागे लागले होते, हेही तुला चांगलं माहीत होतं. मशीन बंद झालं की त्याच्या पोटात तू जे जे चालू ठेवून गेलास ते सगळं एका झटक्यात जाणार होतं. आणि त्यात लॅबमधले पेशंटच्या तपासण्यांचे रिपोर्ट होते.

तू नेमकं काय काम करायचास ते सविता वहिनींनी मला तेराव्याच्या दिवशी विचारलं. एवढ्या वर्षांचा संसार आणि बायकोला पत्ता नाही! मी सांगितलं, की कॉम्प्युटरचा एक काळा पडदा असतो, त्यात हुकूम टाईप करायचे. पडदा बंद केला की त्यातलं काम मरतं. म्हणून टीमक्स नावाची एक सोय आहे. एकाच पडद्यात हव्या तेवढ्या खोल्या उघडायच्या, प्रत्येक खोलीत एकेक काम लावून द्यायचं, आणि काम चालू ठेवून आपण बाहेर पडायचं. याला डिटॅच म्हणतात. मग कुठूनही, कधीही परत आत यायचं, सगळं जिथल्या तिथे सापडतं. खाली एक हिरवी पट्टी असते, तिच्यात खोलीचं नाव आणि घड्याळ. वहिनी जरा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जायचं, तसं?" अरे, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी तुला इतकी वर्षं दुसरं काय सांगत होते?

टीमक्स वाईट नाही रे. एखादं लांबलचक काम तासभर चालणार असेल, मध्येच माझ्या घरी बदलापूरला वीज जायची भीती असेल, तर लावावं आणि निर्धास्त व्हावं. पण जे काम बारा महिने चालायला हवं ते मशीन सुरू झाल्याबरोबर आपलं आपण सुरू होईल, असं लावून ठेवायचं असतं. हे मी तुला गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, अबोला धरून सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं. "चालतंय ना? मग हात नको लावू, वैशालीबाय." चालतंय ना! सगळं चालतंयच असतं रे, बंद पडेपर्यंत.

आणि खोल्यांची नावं! जगातली माणसं खोलीला कामाचं नाव देतात. लॅबच्या खोलीला लॅब, स्टॉकच्या खोलीला स्टॉक. तू सगळ्यांना माशांची नावं दिलीस. लॅबचे रिपोर्ट अंबरनाथ-बदलापूरच्या डॉक्टरांच्या मोबाईलवर पाठवणारी ती सुरमई. जीन्सवाल्यांचा स्टॉक म्हणजे बोंबील. मांदेली, मुशी, करंदी यांच्यात काय आहे ते देवाला ठाऊक. "महत्त्वाचं काम, मोठा मासा. सोप्पं आहे," असं तू म्हणायचास. सोपं तुला, चामटोलीच्या आगऱ्याला. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. मुशी मोठी की करंदी, हे मला कसं कळावं? या आठवड्यात मी अक्षरशः लछूशेठच्या गाळ्यातल्या बाईंना विचारून आले, की करंदी केवढी असते हो. त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. म्हटलं, चला, ही मेली तरी चालेल.

करंदीत काय निघालं माहीत आहे? काही नाही. रिकामी खोली. नुसता कर्सर लुकलुकत होता. मला आठवलं, मी तुला एकदा याबद्दल विचारलं होतं. तू म्हणाला होतास, "असू दे, बसायला जागा." मी कपाळावर हात मारला होता. या वेळीही मारला.

पण खरा छळ तुझ्या मोबाईलचा. आपलं ते टीमक्सचं व्हर्जन जुनं. त्याचा नियम असा, की एका खोलीत दोघं शिरले तर ज्याचा पडदा सगळ्यात लहान, तेवढाच पडदा सगळ्यांना. मी शिरगावच्या घरी मोठा मॉनिटर घेऊन बसलेली, आणि तू मोबाईलवरून आत यायचास. झालं! माझ्या एवढ्या मोठ्या काचेवर डाव्या कोपऱ्यात तुझ्या मोबाईलएवढा चौकोन, आणि बाकी सगळीकडे ठिपकेच ठिपके. नव्या व्हर्जनमध्ये हा त्रास नाही. अपडेट करू या म्हटलं, की तू लगेच, "मशीन बंद करावं लागंल. चालतंय ना?" तू मासळी बाजारातून आत यायचास, सलूनमध्ये गालाला साबण लावून आत यायचास. एकदा कुणाच्या तरी मयतीतून आलास आणि वर मलाच टाईप करून विचारलंस, की इतकी हळू का काम करतेस.

आपण बोलायचोही तिथेच. ओळीच्या सुरुवातीला # टाकला की मशीन पुढचं काही मनावर घेत नाही, म्हणून # टाकून आपण एकमेकांशी भांडायचो. ग्राहकाच्या कामाच्या मधोमध. एकदा लॅबच्या मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या आणि पडद्यावर आपोआप उमटलं, "# म्हातारीला सांग उद्या होईल." मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मनातल्या मनात.

आता एक गोष्ट सांगते, फुशारून जाऊ नकोस. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा कामाला उभी राहिले तेव्हा काळ्या पडद्याची भीती वाटायची. एक अक्षर चुकलं तर कुणाच्या तरी दुकानाचा सगळा हिशोब उडेल, असं वाटायचं. तू कधी बाजूला खुर्ची ओढून शिकवायला बसला नाहीस. नुसता मोबाईलवरून आत यायचास आणि गप्प बघत राहायचास. पडदा लहान झाला की मला कळायचं, आला. मी हुकूम टाईप करायची आणि एंटर दाबण्याआधी थांबायची. मग खाली तुझं उमटायचं, "# हं." एवढंच. ते "हं" आलं की मी बिनधास्त एंटर दाबायची. चुकत असले तर "हं" यायचं नाही, मी परत वाचायची आणि चूक मलाच सापडायची. मी जे काही शिकले ते असं शिकले. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तू पुढचे सहा महिने तेच ऐकवत बसला असतास.

आणि मग चामटोलीला पुतण्याच्या हळदीत, डीजे दणदणत असताना, पंगतीतून उठता उठता तू खाली बसलास तो बसलासच. हातात मोबाईल होता म्हणे. असणारच. बघत असशील सुरमई जागी आहे का. स्वतःच्या छातीत काय चाललंय त्याच्याकडे बघायला तुला सवड नव्हती. बदलापूरला डॉक्टरला दाखव, हे मी किती वेळा सांगितलं होतं? तिथेही तुझं तेच. चालतंय ना!

तर ऑफिस उघडलं त्या दिवशी मी सुरमईत शिरले, आणि पडदा आगपेटीएवढा. चौकोन डाव्या कोपऱ्यात, बाकी ठिपके. आधी वाटलं, मॉनिटर बिघडला. मग आत कोण कोण आहे त्याची यादी काढली. दोघं होते. एक मी, दुसरा तू.

तुझ्या मोबाईलची जोडणी तुटली नव्हती, एवढंच. घरच्या वायफायवर पडलेला असेल, हे मला कळत होतं. दुसऱ्याला बाहेर काढायची सोय आहे, एक हुकूम दिला की झालं, हेही येत होतं मला. मी तो हुकूम टाईप केला. एंटर दाबायच्या आधी थांबले. आणि मग स्वतःच्याच मूर्खपणाची एवढी चीड आली, की सगळं पुसून टाकलं आणि त्या आगपेटीतच कामाला लागले. ओळी तुटत होत्या, डोळे दुखत होते, तुला शिव्या घालत होते. बोंबील बाहेर काढला, मुशी काढली, एकेक काम आपोआप सुरू होईल असं लावत गेले. राहता राहिली सुरमई. तिचा प्रोग्रॅम तू असा काही लिहून ठेवलास की आत शिरलेलं माणूस बाहेर येऊ नये.

बुधवारी सकाळी मी त्यातच मान घालून बसले होते आणि खालच्या ओळीत आपोआप अक्षरं उमटायला लागली. मी कीबोर्डला हातही लावला नव्हता. "mmm" आलं. जरा थांबलं. मग "jhhj".

मी ओरडले. खरं सांगते, खुर्ची मागे सरकवून ओरडले. लछूशेठचा माणूस वर धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. क्षणभर मला काय वाटलं ते मी कुणाला सांगणार नाही. पण दुसऱ्या क्षणी हेच डोक्यात आलं, की मेल्यावरही याला धड टायपिंग येत नाही! आणि तिसऱ्या क्षणी मला q आठवला. सुरमईत q दाबला की रिपोर्ट जायचे बंद होतात. "नक्की बंद करू का" असं विचारायची पद्धतसुद्धा तू ठेवली नव्हतीस. q कीबोर्डच्या कोपऱ्यात आहे म्हणून निभावलं. नाहीतर कुणाची तरी डेंग्यूची तपासणी लॅबमध्ये पडून राहिली असती आणि डॉक्टर मोबाईलकडे बघत बसला असता.

मी वहिनींना फोन लावला. "हरेशचा मोबाईल कुणाच्या हातात आहे?"

"कुणाच्याच नाही," वहिनी म्हणाल्या. "आई पुसतायत."

रिक्षा करून अंबरनाथला आले. पश्चिमेच्या तुमच्या घरात शोकेसवर तुझा फोटो, हार, उदबत्ती, आणि फोटोसमोर मोबाईल. चार्जर लावलेला, पडदा चालू, कीबोर्ड उघडा, खाली हिरवी पट्टी. आई रोज सकाळी आंघोळ करून पदराने आधी फोटोची काच पुसतात, मग मोबाईलची. फोटोवर धूळ बसते, मोबाईलवरही बसते, त्यात त्यांचं काय चुकलं?

मी म्हटलं, "आई, हा आता बंद करू या का?"

"नको गो बाय. त्याचा काम चालू हाय." त्यांनी हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. मी घाईने हात पुढे केला, पण बोट कीबोर्डच्या वर होतं. "ह्या बग घड्याल पुढं जातंय. जेवताना मोबाईल बगायचा, मी वरडायची, तं मला बोलला होता, आये, ही हिरवी पट्टी हाय तवर माजा काम चालू. हात नको लाऊस."

आता बोल. माझ्याशी वाद घालताना तुला दोन वाक्यं जोडता येत नव्हती, आणि आईला एका वाक्यात सगळं समजावून मोकळा झालास.

मी खाली बसले. त्यांना समजावलं, की यात आता हरेश काम करत नाहीये, मशीन आपलं आपण करतंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "मला म्हाईत नाय व्हय? मीच रडले ना त्याला. पन ही वायर कोन काढील? सविता काढीत नाय. मी काढीत नाय. दोगी जनी एकमेकीच्या तोंडाकडं बगतो." वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

मग मी शुक्रवारचं सांगितलं. वीज जाणार, मशीन बंद होणार, पट्टी आपोआप जाईल. कुणालाच वायर काढावी लागणार नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

"आपोआप नको," आई म्हणाल्या. "तो पन तसाच गेला, कुनाला काय न सांगता. ह्या टायमाला सांगून कर. तू तिकडनं आदी मला फोन कर, मंगच कर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तोवर काच पुसू नका, एवढी मात्र गळ घातली. त्या म्हणाल्या, "मंग मागनं पुसते."

सुरमई गुरुवारी सुटली. तुझा प्रोग्रॅम उलगडताना मी तुला जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण आत एक गोष्ट तू चोख करून ठेवली होतीस. एखादा रिपोर्ट गेला नाही तर तो परत परत पाठवायचा आणि तरीही गेला नाही तर तुझ्या मोबाईलवर घंटी वाजायची. म्हणजे तू सलूनमधून आणि मयतीतून उगाच आत येत नव्हतास. हे एकदा सांगायला काय झालं होतं? मी पडद्यावरून एवढी भांडले नसते. भांडले असते, पण कमी. ती घंटी आता माझ्या मोबाईलवर वाजते.

शुक्रवारी सकाळी रिपोर्ट सुरमईशिवाय, नव्या सोयीतून जायला लागले, लॅबच्या मॅडमनी फोन करून खात्री दिली. लॅब दिवसभर रिपोर्ट धरून ठेवणार होती, वीज आली की सोडणार होती. संध्याकाळचंही सांगूनच टाकते. वीज आली, मी मशीनचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. सगळं आपोआप सुरू झालं, एकाही खोलीत शिरावं लागलं नाही. आपलं सगळ्यात जुनं भांडण मी जिंकले, हरेश. आता पेढे कुणाच्या तोंडावर मारू?

पण सकाळी, वीज जायच्या आधी, सुरमईत काहीच उरलं नव्हतं. रिकामी खोली, आत तू आणि मी. मी # टाकला. काय लिहावं ते सुचेना. इतकी वर्षं इथे बडबड केली आणि नेमकं तेव्हा सुचेना. मी तो # पण पुसला आणि फोन लावला.

"आई, करू का?"

आई आधी तुझ्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. "हरेश, ती वैशाली बंद करतेय रे." आणि मग मला, "कर."

मी केलं. ठिपके गेले. पडदा एका क्षणात अख्खा झाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. यासाठी मी वर्षानुवर्षं तुझं डोकं खाल्लं होतं. इतका मोठा काळा पडदा आणि वर कोपऱ्यात एवढासा कर्सर. मला तो बघवेना.

"गेली गो पट्टी," आई म्हणाल्या. "कायतरी लिवून आलाय."

वहिनींनी वाचून दाखवलं, "डिटॅच्ड, असं आहे."

आईंनी विचारलं, म्हणजे काय. मी सांगितलं, की खोली तिकडे तशीच आहे, फक्त हा मोबाईल तिच्यातून बाहेर आला. मग त्यांनी विचारलं, "मंग परत जोडता येतो?"

तुला माहीत आहे याचं बरोबर उत्तर काय आहे. येतो. त्यासाठीच तर ते असतं. मीच वहिनींना तसं शिकवलं होतं, आणि वीज जायला अजून अवकाश होता.

मी म्हटलं, "नाही, आई."

चूक सांगितलं मी. होतास तर तिथल्या तिथे माझी कॉलर धरली असतीस, आठवडाभर ऐकवलं असतंस. ऐकव ना. ये आणि म्हण, की वैशालीबाय, चूक आहे तुझं, जोडता येतं.